भांडी बाजारामागचं तीन खणांचं घर

श्रोतेहो, नमस्कार.

नाशिकला पाहुणे आले की आपण त्यांना काळाराम दाखवतो, नारोशंकराची घंटा दाखवतो, वेळ उरला तर सरकारवाडा. आज मात्र माझ्याबरोबर भांडी बाजारामागच्या एका बोळात चला. तिथं तीन खणांचं एक घर आहे. चौक नाही, नक्षीदार खांब नाहीत. विटांच्या भिंती, सागाच्या तुळया, वर मंगलोरी कौलं. इथं ना कुणी सरदार राहिला, ना कुणी क्रांतिकारक जन्मला. राहिलं ते तांब्याची भांडी ठोकणारं कुटुंब.

ओसरीच्या कोपऱ्यात जमिनीला खळगा आहे, ऐरण रोवायची ती जागा. दिव्याचा कोनाडा अजून काळा आहे. आणि माजघराच्या दाराशी, गिलावा पडलाय तिथं, एका विटेवर चार बोटांचे ठसे आहेत. वीट पाडणाऱ्यानं ती ओली असताना उचलली असणार. माझी बोटं त्यात बसवून पाहिली. करंगळी काही बसेना. हात लहान होता. बाईचा असेल, पोराचाही असेल.

आता या घराचं मोल काय? भगूरचं सावरकरांचं जन्मघर राज्य संरक्षित स्मारक आहे, तसं ते असायलाच हवं. पण ज्या घरात कुणीच मोठं जन्मलं नाही, त्याच्या वाट्याला काय येतं, तर बिल्डरचा फोन. जुना साग घ्यायला माणसं येतात, दार-चौकटीला चांगला भाव देतात. तेच दार पुढे एखाद्या हॉटेलात शोभेला उभं राहतं. विटा जातात भरावात. म्हणजे घराच्या लाकडाला किंमत आहे, घराला नाही!

आणि या साध्या भिंतींनी काय सोसलंय! गोदावरीच्या पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कमरेला पुराचं पाणी लागलं की भांडी बाजारात माल वर चढवायची धावपळ सुरू होते, हे नाशिककरांना सांगायला नको. १९६९चा पूर, २००८चा, २०१६चा, प्रत्येक वेळी या घरात पाणी शिरलं. भिंत भिजली, फुगली नाही. कारण सांध्यांत चुना आहे. चुना विटेपेक्षा मऊ असतो. भिंत जराशी हलली तर तडा सांध्यात जातो, वीट शाबूत राहते. शिवाय आत मुरलेला ओलावा चुन्यातून बाहेर पडतो.

घराच्या मागच्या भिंतीला मात्र काही वर्षांपूर्वी सिमेंटचा गिलावा झाला. गवंड्यानं मजबुतीसाठी, चांगल्या मनानंच केला. पण ओल आत कोंडली. तिच्याबरोबर विटांतले क्षार पृष्ठभागाकडे येतात, तिथं त्यांचे स्फटिक होतात आणि विटेचे पापुद्रे सुटू लागतात. आपण म्हणतो, भिंतीला लोणा लागला. घरच्या आजी हिशेब थोडक्यात सांगतात : “पुढची भिंत दसऱ्यापर्यंत वाळते, मागची होळी आली तरी ओलीच.”

सगळी जुनी घरं जशीच्या तशी ठेवा, असं मी म्हणणार नाही. माणसांना घरात संडास हवा, उजेड हवा, गाडी लावायला जागा हवी. (ती जागा बोळात कुणालाच मिळत नाही, ही गोष्ट वेगळी.) पण पेशवाईतले सरदार कसे राहत, हे वाडे सांगतात, त्यांच्या स्वयंपाकघरातली घागर घडवणारा कसा राहत होता, हे सांगायला अशी घरंच आहेत. ऐरणीपासून चूल किती पावलांवर होती, ते तिथं उभं राहिल्यावरच कळतं.

आजींच्या नातवानं यंदा एक काम हाती घेतलंय. रविवारी छिन्नी-हातोडी घेऊन तो मागच्या भिंतीचं सिमेंट हलक्या हातानं काढतो आणि सांधे चुन्यानं भरतो. घाई केली तर वीट फुटते. परवा गेलो तेव्हा दोन हात भिंत मोकळी झाली होती. आजींनी तिला तळवा लावला आणि म्हणाल्या, “अजून गार आहे.”