ओळखा पाहू, यातलं स्ट्रॅड कुठलं?

नमस्कार. मागच्या रांगेपर्यंत आवाज पोचतोय ना? बरं, मग सुरुवात एका मतदानापासून करू.

२००९ सालचा सप्टेंबर, जर्मनीतलं ओस्नाब्रुक, आणि परिषद कसली तर जंगल आणि लाकूड या विषयावरची. तिथे मॅथ्यू ट्रस्लर नावाचा ब्रिटिश व्हायोलिनवादक पडद्यामागे उभा राहिला आणि त्याने एकामागोमाग एक पाच व्हायोलिनं वाजवली. त्यातलं एक त्याचं स्वतःचं, १७११ सालचं स्ट्रॅडिव्हेरियस, ज्याला थोडक्यात स्ट्रॅड म्हणतात, बाकीची चार मायकेल रॉनहायमर या स्विस कारागिराने नुकतीच बनवलेली, आणि त्यातल्या काहींच्या लाकडावर मुद्दाम बुरशी वाढवलेली होती, हो हो बुरशीच, कारण ती लाकूड हलकं करते पण त्याचा ताठपणा फारसा जाऊ देत नाही. श्रोते १८०. सगळ्यात छान कुठलं म्हणून मतं घेतली तर ९० जणांनी बुरशीवाल्या एका व्हायोलिनला मत दिलं, स्ट्रॅडला पडली ३९. इथपर्यंत ठीक आहे, मतं काय कशीही पडतात. पण मग विचारलं की यातलं स्ट्रॅड कुठलं, तर ११३ जणांनी त्याच बुरशीवाल्याकडे बोट दाखवलं.

आता ही काही कडक टेस्ट नव्हती. वाजवणाऱ्याला स्वतःला माहीत होतं की हातात काय आहे, त्यामुळे यावरून स्ट्रॅड हरलं वगैरे म्हणायला मी तयार नाही. पण ते ११३ बघा. लोक ऐकून स्ट्रॅड ओळखत नव्हते, जे आवडलं त्याला स्ट्रॅड म्हणत होते. ही उलटी गंगा लक्षात ठेवा, कारण पुढे मी जे काही बोलणार आहे ते सगळं या एका गोष्टीभोवतीच फिरणार आहे.

ज्यांना स्ट्रॅड म्हणजे काय हे माहीत नाही त्यांच्यासाठी पटकन. अंतोनियो स्ट्रॅडिव्हारी, इटलीतल्या क्रेमोना गावचा कारागीर, १७३७ मध्ये गेला, नव्वदी ओलांडूनही हा माणूस वाद्यं बनवतच होता. त्याची साधारण साडेसहाशे वाद्यं आज शिल्लक आहेत, त्यातली बहुतेक व्हायोलिनं. त्याच गावात ग्वार्नेरी घराणं, त्यातला जो 'देल जेझू' म्हणून ओळखला जातो त्याची व्हायोलिनंही त्याच तोडीची मानतात, पगानिनी या गाजलेल्या वादकाचं लाडकं 'कॅनोन' त्याचंच, १७४३ चं. किमतीचं म्हणाल तर 'लेडी ब्लंट' नावाचं १७२१ चं स्ट्रॅड २०११ मध्ये लिलावात जवळजवळ एक कोटी एकोणसाठ लाख डॉलरला गेलं, पैसे जपानच्या भूकंपग्रस्तांना. म्हणजे एवढ्या पैशाचं वाद्य म्हटल्यावर ते कानाला वेगळं लागलंच पाहिजे असं आपण आधीच ठरवून बसतो.

आणि ते फक्त साध्या श्रोत्यांचं होतं असंही नाही. १९७७ मध्ये बीबीसी रेडिओने तीन जणांना बसवलं, आयझॅक स्टर्न, पिंकस झुकरमन आणि चार्ल्स बेअर. पहिले दोघे जगातले टॉपचे वादक, तिसरा लंडनचा जुन्या व्हायोलिनांचा नावाजलेला जाणकार, ज्याच्या शब्दावर खरेदीविक्री ठरायची. समोर चार व्हायोलिनं, एक १७२५ चं स्ट्रॅड, एक १७३९ चं देल जेझू, एक व्हियोम या फ्रेंच कारागिराचं १८४६ चं आणि एक अगदी वर्षभरापूर्वीचं ब्रिटिश. दोन्ही वादकांना ती आधी वाजवूनही बघू दिली होती. मग पडद्यामागून ऐकवली. चारपैकी दोनच्या वर कुणालाच ओळखता आली नाहीत आणि दोघांनी तर ते नवंकोरं ब्रिटिश व्हायोलिनच स्ट्रॅड म्हणून सांगितलं. मला यात त्यांची फजिती वगैरे काही वाटत नाही, उलट कौतुक वाटतं की एवढ्या नावाची माणसं जाहीरपणे अशा टेस्टला बसली, आज किती बसतील सांगा.

पण खरं काम झालं ते २०१० पासून. क्लॉडिया फ्रिट्झ ही फ्रान्समधली ध्वनिशास्त्रज्ञ आणि जोसेफ कर्टिन हा अमेरिकेतला व्हायोलिन बनवणारा, या दोघांनी आणि त्यांच्या टीमने इंडियानापोलिसच्या आंतरराष्ट्रीय व्हायोलिन स्पर्धेच्या वेळी, तिथे वादक जमलेलेच असतात म्हणून, एका हॉटेलच्या खोलीत टेस्ट लावली. २१ वादक, सहा व्हायोलिनं, तीन नवीन, दोन स्ट्रॅड, एक देल जेझू. वादकांच्या डोळ्यावर वेल्डिंगचे गॉगल, खोलीत अंधुक उजेड, आणि जुन्या लाकडाचा वास ओळखू येऊ नये म्हणून हनुवटीखाली परफ्यूमचा थेंब! वाद्य हातात देणाऱ्यालाही माहीत नाही की तो काय देतोय. घरी न्यायला कुठलं आवडेल असं विचारल्यावर २१ पैकी १३ जणांनी नवीन उचललं. सगळ्यात नावडतं ठरलं ते एक स्ट्रॅड. मग १७ जणांना विचारलं की तुम्ही निवडलेलं जुनं वाटतं की नवीन, ७ म्हणाले काही कल्पना नाही, ७ चुकले, ३ बरोबर आले.

यावर जो गदारोळ व्हायचा तो झालाच. हॉटेलच्या खोलीत का स्ट्रॅड कळतं, त्याला हॉल लागतो. एवढ्याशा वेळात कसं कळणार, असं वाद्य ओळखीचं व्हायला महिने लागतात. जुनी व्हायोलिनं मालकांकडून उसनी आणलेली, त्यांच्या सेटिंगला हात लावायचा नाही अशी अट, मग ती फुल फॉर्मात होती कशावरून. आणि कर्टिन स्वतः नवीन व्हायोलिनं विकतो, त्याला काय! यातल्या पहिल्या तीन आक्षेपांत दम होता असं माझं मत आहे, चौथा जरा चिडून केलेला वाटतो, पण तोही विचारलाच पाहिजे असा प्रश्न.

या लोकांचं मला आवडलं ते हे की त्यांनी भांडत न बसता टेस्टच मोठी केली. २०१२ मध्ये पॅरिसजवळ व्हॅन्सेनला दहा नामवंत सोलोइस्ट, सहा जुनी सहा नवीन व्हायोलिनं, प्रत्येकाला सव्वा सव्वा तासाची दोन सेशन्स, एक रिहर्सल रूममध्ये आणि एक तीनशे सीटच्या हॉलमध्ये, गज स्वतःचा. दहापैकी सहा जणांनी नवीन निवडलं, आणि जुनं का नवीन हा अंदाज म्हणाल तर नाणं उडवल्यासारखा, निम्मे बरोबर निम्मे चूक. मग राहिला शेवटचा बुरुज, आणि हा व्हायोलिनवाल्यांमध्ये अगदी पक्का समज आहे बरं का, की स्ट्रॅड वाजवणाऱ्याच्या कानाशी हळू वाटतं पण शेवटच्या रांगेपर्यंत पोचतं, ज्याला ते प्रोजेक्शन म्हणतात. तर तेही तपासलं. व्हॅन्सेनला ५५ श्रोते, न्यूयॉर्कला ८२, तीन स्ट्रॅड विरुद्ध तीन नवीन, ऑर्केस्ट्रासोबतही आणि एकटंही. २०१७ मध्ये रिझल्ट छापून आला की श्रोत्यांना नवीन व्हायोलिनं जास्त पोचणारी वाटली, जास्त आवडलीही, आणि कुठलं कुठलं ते त्यांनाही ओळखता आलं नाही.

थांबा, टाळ्या नकोत, कारण लगेच 'स्ट्रॅड म्हणजे थोतांड' असा निष्कर्ष काढायचा मोह होतो. टेस्टमधली नवीन व्हायोलिनं निवडक होती, कारखान्यातून शेकड्याने निघालेली नव्हेत. आणि जुनी होती मूठभर, सगळ्या साडेसहाशेंबद्दल त्यावरून बोलता येत नाही. सिद्ध काय झालं तर एवढंच की 'जुनं इटालियन' असा कानाने ओळखू येणारा वेगळा आवाज सापडला नाही. माझ्या मते हे एवढंच खूप मोठं आहे.

आणि आता मला जो मुद्दा खरा सांगायचाय तो. जुनं विरुद्ध नवीन म्हणतो आपण, पण त्या जुन्यात जुनं किती आहे? स्ट्रॅडिव्हारीच्या हातून निघालेल्या व्हायोलिनची मान आखूड आणि सरळसर होती, आतली बासबार म्हणतात ती पट्टी बारीक, तारा आतड्याच्या. पुढे हॉल मोठे झाले, सूर वर चढले, आवाज जास्त हवा झाला, मग एकोणिसाव्या शतकात जवळपास सगळी जुनी व्हायोलिनं उघडली, मान बदलून लांब आणि मागे कललेली बसवली, बासबार जाड घातली, ब्रिज म्हणजे तारांखालची घोडी बदलली, साउंडपोस्ट म्हणजे आतली उभी छोटी काठी बदलली, १८२० च्या सुमाराला श्पोर या जर्मन वादकाने चिनरेस्ट, म्हणजे हनुवटी टेकवायची पट्टी, आणला, विसाव्या शतकात स्टीलच्या आणि सिंथेटिक तारा आल्या. गजसुद्धा स्ट्रॅडिव्हारीच्या काळचा नाही, आजचा आकार त्याच्यानंतर फ्रान्समध्ये तुर्त या गज बनवणाऱ्याने पक्का केला. जुन्या घराच्या भिंती तेवढ्या ठेवून छप्पर, जिने, वायरिंग सगळं बदलावं तसं हे झालंय. त्यामुळे स्ट्रॅडचा जो आवाज आपण डोळे मिटून ऐकतो तो स्ट्रॅडिव्हारीने कधीच ऐकलेला नाही! आणि दुसऱ्या बाजूला जे नवीन व्हायोलिन आहे ते तरी कुठून आलं, गेली दोनशे वर्षं कारागीर स्ट्रॅड आणि देल जेझूचीच मापं घेऊन बनवतायत, व्हायोलिन बनवणारा सॅम्युएल झिगमुंटोविच आणि भौतिकशास्त्रज्ञ जॉर्ज बिसिंजर यांनी तर सीटी स्कॅन आणि लेझर लावून त्यांची कंपनं मोजली. म्हणजे एक बाजू नव्याने बदललेलं जुनं, दुसरी बाजू जुन्यावरून बनवलेलं नवीन, मग ओळखू कसं येणार.

चांगलं म्हणजे काय हेही बदलत आलंय. अठराव्या शतकात सगळ्यात भारी मानली जायची ती ऑस्ट्रियातल्या याकोब श्टाइनरची व्हायोलिनं, स्ट्रॅडपेक्षा महाग, पोट फुगीर, आवाज गोड पण छोटा. छोट्या दिवाणखान्यात ती शोभायची. १७८० च्या दशकात व्हियोत्ती या इटालियन वादकाने पॅरिसमध्ये स्ट्रॅड गाजवलं, हॉल मोठे होत गेले आणि श्टाइनर मागे पडला. लाकूड तेच, व्हार्निश तेच, फक्त ऐकणाऱ्यांची अपेक्षा बदलली.

सीक्रेटचं विचारणार तुम्ही, नेहमी विचारतात. व्हार्निशमध्ये काहीतरी जादू होती म्हणतात, तर पॅरिसच्या संगीत संग्रहालयातल्या पाच स्ट्रॅडिव्हारी वाद्यांचं व्हार्निश तपासून २००९ च्या शेवटी छापलं गेलं की त्यात तेल, राळ आणि चित्रकारांकडे असतात तसले साधे रंग आहेत. त्या काळी युरोपात हवामान जास्त थंड होतं, त्यात हळू वाढलेलं दाट लाकूड ही थिअरी ऐकायला सुंदर आहे, पण तेच लाकूड त्या काळच्या बाकीच्यांनाही मिळत होतंच की. मला त्यापेक्षा एमआयटीचं २०१५ चं काम जास्त रंजक वाटतं, व्हायोलिनच्या पोटावरची ती एफ-आकाराची भोकं क्रेमोनात पिढ्यानपिढ्या लांब होत गेली आणि आतल्या हवेचा आवाज वाढत गेला, आणि हे कुणी गणित करून नाही, हाताने कापताना पडलेल्या बारीक फरकांतून जे बरं वाजलं ते पुढे टिकलं असं त्यांचं म्हणणं.

(श्रोत्यांमधून प्रश्न : मग मोठे वादक अजून स्ट्रॅडच का मागतात?)

सगळे मागत नाहीत. क्रिस्टियान टेट्झलाफ हा नामवंत जर्मन वादक अनेक वर्षं पेटर ग्राइनर या आजच्या कारागिराचं नवीन व्हायोलिन वाजवतो. आयझॅक स्टर्नकडे देल जेझू होतं तरी त्याने झिगमुंटोविचकडून व्हायोलिन बनवून घेतलं होतं, ते त्याच्या पश्चात २००३ मध्ये १,३०,००० डॉलरला गेलं, जिवंत कारागिरासाठी तो तेव्हाचा विक्रम. पण बाकीचे मागतात हे खरं, आणि मी त्यांना हसणार नाही. स्ट्रॅड हातात आहे हे माहीत असलं की माणूस वेगळा वाजवतो, जास्त शोधतो, चूक झाली तर वाद्याला दोष देत नाही, आणि तिकीट काढून आलेले लोकही वेगळे ऐकतात. तो परिणाम खराच आहे, फक्त तो लाकडात नाही. किंमत तर आवाजाची नाहीच, दुर्मीळपणाची आहे. पुरावा पाहिजे तर ऑक्सफर्डच्या अॅशमोलियन संग्रहालयात 'मेसाया' आहे, १७१६ चं, जवळपास न वाजवलेलं, काचेच्या पेटीत. जगातल्या सगळ्यात मौल्यवान स्ट्रॅडमध्ये ते धरतात आणि त्याचा आवाज ऐकलेला माणूस शोधून सापडणार नाही.

(प्रश्न : पण वाजवून वाजवून व्हायोलिन 'उघडतं', मुरतं, ते तरी खरं ना?)

वादक शपथेवर सांगतील की खरं. सिडनीत हॅरी व्हॅटिलियोटिसने एकाच लाकडातून दोन जुळी व्हायोलिनं बनवली, एक व्यावसायिक वादकाने नियमित वाजवलं, दुसरं संग्रहालयात ठेवलं. तीन वर्षांनी मोजमापात आणि वादक-श्रोत्यांच्या मतांत म्हणण्यासारखा फरक निघाला नाही. आता तीन वर्षं म्हणजे तीनशे नव्हेत, हे तुम्ही म्हणायच्या आधी मीच म्हणतो. पण नवीन व्हायोलिन सहा महिन्यांत उघडलं असं जेव्हा कुणी सांगतं, तेव्हा मी विचारतो की त्या सहा महिन्यांत तारा किती वेळा बदलल्या, साउंडपोस्ट हलवला का, आणि तुमचा हात त्यावर किती बसला.

पुढचा प्रश्न घेऊया, तिकडे डावीकडे कुणीतरी मघापासून हात वर केलाय.