अण्णांची शुगर

(पहाट. ओट्यावरचा बल्ब. मागून कोंबड्याचा आवाज.)

सकाळचे साडेपाच वाजलेत. लातूर जिल्हा, औशाच्या बाजूचं आमचं गाव. अण्णा ओट्यावर पोतं टाकून बसलेत, डाव्या हाताचं मधलं बोट दाबून धरलंय. सुई बोटाच्या शेंड्याला नाही टोचायची, कडेला टोचायची, तिथं कमी दुखतं, हे आता त्यांना पाठ झालंय. थेंब पट्टीला लागला, मशीन पाच पासून उलटं मोजतं, आणि आकडा आला, 186.

"काल तर गोड काहीच खाल्लं नव्हतं रं," अण्णा म्हणाले.

शुगर असलेल्या कुठल्याही घरात जा, हे वाक्य ऐकू येणारच. गोड खाल्लं नाही मग साखर आली कुठून? तर बघा, आपण झोपलेलो असतो तेव्हा लिव्हर झोपत नाही, ते रात्रभर साठवलेली साखर थोडी थोडी रक्तात सोडत असतं, मेंदूला लागते म्हणून, आणि इन्सुलिन, म्हणजे साखर आवरणारं शरीरातलंच हार्मोन, नीट काम करत असेल तर ते लिव्हरला सांगतं बास आता. अण्णांचं लिव्हर ऐकत नाही. म्हणून उपाशीपोटी सुद्धा 186. चांगल्या माणसाची उपाशीपोटीची शुगर 100 च्या आत असते, 100 ते 125 म्हणजे बॉर्डर, आणि 126 च्या पुढं गेली की परत एकदा तपासून डॉक्टर शिक्का मारतात.

हे शूटिंग सुरू केलं जूनमध्ये, मिरगाचा पाऊस पडला होता. तेव्हा अण्णांची तीन महिन्याची शुगर, म्हणजे ते एचबीएवनसी, 9.1 होती. तीन महिन्याची का म्हणतात तर रक्तातली लाल पेशी साधारण 120 दिवस जगते आणि तेवढ्या दिवसात तिला जी साखर चिकटते ती ह्या तपासणीत मोजतात, त्यामुळं तपासणीच्या आदल्या दिवशी उपाशी राहून डॉक्टरला फसवता येत नाही. अण्णांनी ते पण करून बघितलं होतं.

(शेतातला रस्ता. अण्णा चालताना, पाठीमागून.)

आता अण्णांकडं बघा. वजन 58 किलो. हातपाय काड्या, गालफडं बसलेली. गावात सगळे म्हणायचे, ह्याला कशी झाली शुगर, ही तर शेठ लोकांची बिमारी. फक्त सदरा काढला की पोट दिसतं, लोट्यासारखं पुढं आलेलं. पुण्याचे डॉक्टर चित्तरंजन याज्ञिक आहेत, त्यांनी आणि लंडनच्या जॉन युडकिन यांनी 2004 साली लॅन्सेट ह्या डॉक्टरी नियतकालिकात स्वतःचाच फोटो छापला होता, दोघं शेजारी उभे, उंचीच्या हिशोबानं वजन दोघांचं सारखंच, बीएमआय 22.3, आणि अंगातली चरबी मोजली तर युडकिन साहेबांची 9.1 टक्के आणि आपल्या याज्ञिकांची 21.2 टक्के. वजनकाटा काही बोलत नाही, चरबी आत पोटात बसलेली असते. म्हणून आपल्याकडं कंबर मोजायला सांगतात, बापयाची 90 सेंटीमीटरच्या आत आणि बाईची 80 च्या आत पाहिजे. आईच्या शिवणकामाच्या टेपनं अण्णांची मोजली, 94 भरली. टेप बघून म्हणाले, टेपच जुनी हाय.

2023 मध्ये आयसीएमआरचा, म्हणजे सरकारच्या वैद्यकीय संशोधन परिषदेचा, देशभरातला सर्व्हे आला, त्यात भारतात 10 कोटी 10 लाख लोकांना शुगर आणि अजून 13 कोटी 60 लाख लोक बॉर्डरवर, असा अंदाज होता. एवढा मोठा आकडा ऐकून काहीच होत नाही माणसाला. मला पण नाही झालं. मला झालं ते चहा मोजल्यावर.

(चहाचं हॉटेल. कळकट काचेचे ग्लास, जवळून.)

एक दिवस ठरवलं की अण्णांना न सांगता त्यांचे चहा मोजायचे. उठल्यावर एक, दूध घालून आल्यावर एक, फाट्यावरच्या हॉटेलात दोन, सोसायटीत गेले तिथं एक, सोयऱ्याच्या घरी एक, बाजारातून आल्यावर एक, संध्याकाळी पारावर एक. आठ. हॉटेलवाल्याला विचारलं किती साखर टाकता, तो म्हणाला मापानं कोण टाकतंय, मूठ टाकायची. आपण कपाला दोन चमचे धरू, दहा ग्रॅम. आठ कपाची झाली 80 ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटना म्हणते की वरून घातलेली साखर मोठ्या माणसाला दिवसाला 50 ग्रॅमच्या आत असावी, 25 च्या आत असली तर अजून चांगलं, आणि हे धडधाकट माणसाचं सांगायलो मी. अण्णांना विचारलं तर म्हणाले, "आरं चहा काय मी मागून पितो का? लोकंच पाजवतेत. नको म्हणलं की म्हणतेत, मोठा झालास का लई?"

खरी अडचण इथं आहे. मराठवाड्यात चहा नाकारणं म्हणजे माणूस नाकारणं. मधे कुणीतरी सांगितलं की गुळाचा चहा चालतो, तर पंधरा दिवस गुळाचा चालू होता, आणि शुगर जिथल्या तिथं, कारण गूळ पण त्याच उसाचा आणि रक्तात जाऊन तो साखरच होतो, थोडं लोह बिह असतं त्यात पण तेवढ्यासाठी कुणी आठ कप पीत नाही. शेवटी अण्णांनी स्वतःच तोड काढली. हॉटेलात गेले की आधीच ओरडायचं, "माझा बिनसाखरेचा, हाफ." पहिले आठ दिवस लोकांनी टिंगल केली. नवव्या दिवशी शेजारच्या बाकावरून आवाज आला, माझा पण तसलाच टाक रे.

(चूल. परातीत पीठ. आईचे हात.)

आता भाकरी. मला वाटायचं की ज्वारी म्हणजे शुगरवाल्यांसाठी अमृत, कितीही खा. व्हॉट्सअपवर पण तसंच येतं. मग आम्ही आईच्या हातातला पिठाचा गोळा काढून वजनकाट्यावर ठेवला, त्याच्या आधी तिनं घेतलेलं कोरडं पीठ मोजलं होतं, एका भाकरीला 110 ग्रॅम. शंभर ग्रॅम ज्वारीत साधारण 70 ग्रॅम पिष्ट असतं, म्हणजे जवळपास गव्हाएवढंच. अण्णा एका बैठकीला तीन भाकरी खायचे, वर भात. करा हिशोब. ज्वारीत चोथा भरपूर, शंभर ग्रॅमला दहाच्या आसपास, पॉलिशच्या तांदळात तीनच्या पण आत, त्यामुळं भातापेक्षा भाकरी चांगली हे खरंच आहे, पण तीन भाकरी त्या तीन भाकरीच.

आणि ज्वारी राहिली कुठं एवढी? आमच्या लहानपणी खरिपाला पण ज्वारी असायची, आता पावसाळ्यात शिवारात जिकडं बघावं तिकडं सोयाबीन. त्याचे पैसे रोख येतात, काढणी मशीननं होते, ज्वारी काढायला माणूस मिळत नाही, पाखरं राखायला पण कुणी नाही, आणि बैलं गेली तिथं कडब्याची पण ओढ कमी झाली. परभणीच्या कृषी विद्यापीठानं परभणी मोती, परभणी ज्योती अशी चांगली वाणं दिलीत रब्बीची, लोहाचं प्रमाण जास्त असलेली परभणी शक्ती पण आहे. तरी पण ज्यानं पेरली नाही त्याला विकत घ्यावी लागते आणि रेशनचा तांदूळ घरात पडलेलाच असतो. मग भात वाढतो ताटात. सकाळी नाष्ट्याला सुशीला, म्हणजे काय तर चुरमुरे, म्हणजे परत तांदूळच, तो पण फुगवलेला, पोटात गेला की लगेच साखर. सुशीला मला पण जीव की प्राण आहे, म्हणून हे सांगताना जरा जड जातंय.

मग केलं काय? नवीन काहीच आणलं नाही घरात. ओट्सचं पाकीट मी आणलं होतं लातूरहून, ते कालवडीला गेलं. एका भाकरीचं कोरडं पीठ 110 वरून 60 ग्रॅमवर आलं, भाकरी लहान आणि पातळ, दोनच. आणि ताटातला क्रम बदलला. आधी घोळाणा, म्हणजे कच्ची मेथी नाहीतर कांद्याची पात चिरून त्यात दाण्याचा कूट, तिखट, मीठ, कच्चं तेल. मग वाटीभर घट्ट वरण नाहीतर मटकीची उसळ. आणि मग भाकरी. आधी चोथा आणि डाळ पोटात गेली की मागून आलेलं पिष्ट सावकाश उतरतं, साखर एकदम उसळत नाही. अण्णांचं म्हणणं होतं की भाजी आधी खायची आणि भाकरी मागून, हे काय जेवण झालं का, मग भाकरी कशासंगं खायची? बरोबर आहे. त्यावर आई घोळाण्याच्या दोन वाट्या करते, एक आधी, एक भाकरीसंगं.

(रात्र. विहिरीवरची मोटर. बॅटरीचा उजेड.)

एका गोष्टीकडं आमचं लक्षच नव्हतं. शेतीची लाईट एक आठवडा दिवसा आणि एक आठवडा रात्री. रात्रीच्या पाळीला अण्णा बारा वाजता पाणी द्यायला जायचे ते पहाटे चारला यायचे, आणि वहीत लिहिलेले आकडे बघितले तर त्या आठवड्यात सकाळची शुगर जास्त. झोप मोडली की इन्सुलिनला शरीर दाद देत नाही, हे डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा अण्णा हसले, म्हणाले मग ही गोळी लाईटवाल्याला द्या. यावर माझ्याकडं उत्तर नाही. आता एक आड एक दिवस मी जातो, एवढंच झालं.

चालण्याचं पण तसंच. दिवसभर शेतात राबणाऱ्या माणसाला वॉकिंग करा म्हणलं तर तो हसणारच. पण हल्ली राबणं तरी किती, पेरणी ट्रॅक्टरनं, फवारणी पंपानं, शेतात पण गाडीवर. आणि रात्री जेवलं की सरळ बाजेवर आडवं. जेवल्यावर साखर वर चढायला लागते तेव्हाच पाय चालले की पायाचे स्नायू ती साखर ओढून घेतात, त्याला इन्सुलिनची फार गरज लागत नाही. म्हणून जेवण सातला, आणि लगेच मारुतीच्या देवळापर्यंत जाऊन यायचं, पंधरा मिनिटं. पहिल्यांदा एकटे जायचे, आता चारपाच जण असतात, त्यात गप्पाच जास्त.

(देवघर. समई.)

आषाढी एकादशीचं सांगितलं पाहिजे. अण्णांनी सकाळी गोळी घेतली, नेहमीची, आणि पोटात काहीच नाही. अकरा वाजता बांधावर घाम फुटला, हात थरथरायला लागले, आम्हाला वाटलं ऊन लागलं. आईनं बोट टोचलं, 62. सत्तरच्या खाली गेली की थांबायचं नसतं, तिनं तीन चमचे साखर पाण्यात ढवळून पाजली, पंधरा मिनिटांनी परत तपासलं, 88, मग थोडं खायला दिलं. वाढलेली शुगर वर्षानुवर्षं खाते, उतरलेली मात्र तासाभरात माणूस आडवा करू शकते. डॉक्टरांनी गोळीची वेळ आणि उपवास दोन्ही बदलून दिले. आणि उपवासाला आपण खातो तरी काय, साबुदाणा, बटाटा, भगर, म्हणजे नुसतं पिष्टच की. त्याच महिन्यात एक पाहुणे येऊन गेले, ते सांगत होते अमक्याचा काढा घे, गोळी सोड. अण्णांनी आठ दिवस सोडली पण. उपाशीपोटी 260. मी त्या बाटलीचं नाव घेत नाही, तुमच्या घरात पण असेल एखादी.

कोजागिरीला तुळजापूरला चालत जायचं, अनवाणी, हे आमच्या घरात आजोबांपासून. शुगरनं पायाची जाण कमी होते, डांबर तापलेलं कळत नाही, खडा घुसलेला कळत नाही, आणि ती जखम मग भरत नाही. अण्णा ऐकत नव्हते. शेवटी डोळे बंद करायला सांगून मी त्यांच्या अंगठ्याला काडी लावली आणि विचारलं कुठं लागली. त्यांनी करंगळी सांगितली. यावर्षी बूट घालून गेले, आणि भवानीच्या दरवाज्यात काढून हातात घेतले.

(येळवस. शेतात कडब्याची खोप. जेवणाची पंगत.)

येळ अमावस्या, शेतातच पूजा आणि पंगत करायचा आमच्याकडचा सण. दुसऱ्यांदा तपासलेली तीन महिन्याची शुगर आली, 7.4. गोळ्या चालू आहेत, बंद झालेल्या नाहीत, हे मुद्दाम सांगतो. आज खोपीत पाच पांडव मांडलेत, आंबिलीचा माठ आहे, बाजरीचे उंडे आहेत, आणि भज्जी, म्हणजे सोले, तुरीचे दाणे, वाटाणा, शेंगदाणे, पातीचा कांदा, सगळं चिंचेच्या पाण्यात डाळीच्या पिठासंगं शिजवलेलं. अण्णांनी भज्जी दोनदा घेतली आणि खीर चमचाभर. दोन तासांनी बोट टोचलं, 168. खूश झाले, मशीन सगळ्या पाहुण्यांना दाखवत फिरले.

आई शेवटी बसली. कायमच शेवटी बसते. घोळाणा संपलेला, भज्जी तळाशी थोडी, मग राहिलेला भात, राहिलेली खीर, टाकायचं कसं म्हणून. सहा महिन्याचं शूटिंग मी परत बघत होतो, तर तिच्या ताटात प्रत्येक वेळी हेच आहे. आणि रात्रीच्या प्रत्येक शॉटमध्ये तिच्या उशाशी पाण्याचा तांब्या. रात्री दोनतीनदा उठते, म्हणते वय झालं.

"आई, तुझी कधी तपासली का?"

"मला काय धाड भरलीय."

अण्णांनीच तिचं बोट धरलं. कडेला टोचलं. पाच, चार, तीन.

243.

कुणीच काही बोललं नाही. मग अण्णा म्हणाले, "उद्या उपाशीपोटी चल, लॅबला."

आई ताटं गोळा करायला लागली. म्हणाली, "उद्या नको. उद्या दळण हाय."