निरोगी मेंदूवर विजेचा प्रयोग कशासाठी?

श्रोतेहो, नमस्कार.

सदाशिव पेठेतल्या अभ्यासिका रात्री उशिरापर्यंत भरलेल्या असतात. गावाकडून आलेली, कॉट बेसिसवर राहणारी मुलं तिथे एमपीएससीचा अभ्यास करतात. उद्या त्यांतल्या एकानं डोक्याला पट्टा बांधून एक-दोन मिलिअँपिअर वीज घेतली आणि 'आता लक्ष हलत नाही' म्हणाला, तर शेजारच्या खुर्चीवरच्या मुलीनं काय करायचं? असे पट्टे बाजारात आले आहेत, म्हणून विचारते.

कंपवाताच्या रुग्णाच्या मेंदूत खोलवर इलेक्ट्रोड, म्हणजे वीज पोहोचवणाऱ्या बारीक तारा, बसवतात आणि हाताची थरथर कमी होते. जानेवारी २०२४ मध्ये इलॉन मस्क यांच्या न्यूरालिंक कंपनीनं आपली चिप पहिल्यांदा माणसाच्या मेंदूत बसवली. खांद्याखाली लुळा पडलेला तो तरुण नुसत्या विचारानं संगणकाचा कर्सर हलवू लागला. याचं मला मनापासून कौतुक आहे. तिथे धोका पत्करायला कारण आहे. धडधाकट मुलाला कोणतं?

ऑक्सफर्डच्या संशोधकांचा एक प्रयोग २०१३ साली प्रसिद्ध झाला. निरोगी स्वयंसेवकांना आकड्यांसाठी नवीच चिन्हं शिकवायची होती. मेंदूच्या मागच्या एका भागाला सौम्य वीज दिली, तेव्हा चिन्हं लवकर शिकून झाली. पण शिकलेलं आपसूक वापरणं कच्चं राहिलं. पुढच्या भागाला दिली, तर नेमकं उलट. एकीकडे जमा, दुसरीकडे वजा. जाहिरातीत ही वजाबाकी कोणी सांगत नाही.

'ज्याला हवं तो घेईल' हे म्हणणं मला पटत नाही. जागा मोजक्या, अर्ज लाखोंनी. एकानं घेतलं की बाकीच्यांवर ती सक्तीच होते. बारावीच्या मुलाचा निर्णय तर आईवडील घेणार, आणि मेंदू त्याचा, अजून घडत असलेला. अठरा वर्षांखालच्या निरोगी मुलांवर हा प्रयोग नकोच, असं माझं स्पष्ट मत आहे.

शिवाय काही पट्टे मेंदूच्या लहरी नोंदवतात. चिलीनं २०२१ मध्ये राज्यघटनेतच मेंदूच्या माहितीला संरक्षण दिलं. २०२३ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं एका कंपनीला माजी सिनेटरच्या मेंदूच्या नोंदी पुसायला लावल्या. आपल्या २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात अशा माहितीचा वेगळा उल्लेख नाही.

तेव्हा पालकहो, एखाद्या क्लासनं असा पट्टा सुचवला तर लेखी विचारा: चाचणी कोणावर झाली, किती वर्षं त्यांच्यावर लक्ष ठेवलं, नोंदी कुठे साठतात? उत्तर हातात पडेपर्यंत पैसे भरू नका.