पद्मिनीचं इंजिन बांधताय? आधी पिस्टन हातात घ्या, मग ब्लॉक बोअरिंगला द्या

नमस्कार मंडळी.

पद्मिनीच्या कुठल्याही व्हिडिओखाली एक प्रश्न हटकून येतो. "इंजिन खोललं, ब्लॉक बोअरिंगला दिलाय, आता पिस्टन कुठले घेऊ?" हे वाचलं की पोटात गोळा येतो. कारण ब्लॉक एकदा जास्त कापला गेला की परत भरून येत नाही. मग पुढचा ओव्हरसाइज (त्याहून मोठ्या मापाचा पिस्टन), नाहीतर स्लीव्ह (सिलिंडरमध्ये बसवायची नवी नळी). म्हणून आज इंजिनवर बोलू, पण माझा जीव या एका गोष्टीत अडकलाय हे आधीच सांगून ठेवतो.

गाडीची ओळख झटपट. १९६४ मध्ये कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात फियाट ११०० डिलाइट सुरू झाली, तीच पुढे पद्मिनी. डुक्कर फियाट म्हणतो ती त्याच्याही आधीची. आपलं इंजिन चार सिलिंडरचं, १०८९ सीसी. बोअर, म्हणजे सिलिंडरचा व्यास, ६८ मिलिमीटर; स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची धाव, ७५. ब्लॉक बिडाचा, हेड अॅल्युमिनियमचं, कॅमशाफ्ट ब्लॉकमध्ये आणि पुशरॉडवर चालणारे वॉल्व्ह. मेन बेअरिंग तीन. इतकं साधं इंजिन आहे की घरच्या घरी खोलता येतं. मोजणं मात्र साधं नाही.

खोलण्याबद्दल फार बोलत नाही. पुशरॉड ज्या जागेचा त्याच जागेवर परत गेला पाहिजे, टॅपेटसुद्धा (कॅम आणि पुशरॉडच्या मधला तुकडा). पुठ्ठ्याला भोकं पाडा, नंबर घाला, त्यात खोचून ठेवा. मेन बेअरिंगच्या आणि कनेक्टिंग रॉडच्या कॅप आपसात बदलायच्या नाहीत. हेड स्टडवर चिकटलं असेल तर पेचकस घालून उचकटू नका, अॅल्युमिनियमला खोक पडते. गंज सुटायचं तेल सोडा, रात्रभर थांबा, लाकडी ठोकळा धरून सगळीकडून हलके ठोके द्या. झालं.

आता ब्लॉक.

[क्लोजअप: बोअर गेज सिलिंडरमध्ये उतरतोय]

एका सिलिंडरमध्ये तीन उंचीवर मोजायचं: वर जिथे टॉप रिंग थांबते त्याच्या लगेच खाली, मध्ये आणि तळाशी. प्रत्येक उंचीवर दोनदा, एकदा क्रँकच्या रेषेत आणि एकदा तिच्या आडवं. म्हणजे सहा मापं, चार सिलिंडरची चोवीस. कागदावर लिहा. वरच्या आणि खालच्या मापातला फरक म्हणजे टेपर, एकाच उंचीवरच्या दोन मापांतला फरक म्हणजे अंडाकृतीपणा. टेपर ०.१० मिलिमीटरच्या वर गेला असेल तर नुसत्या रिंगा बदलून भागणार नाही.

यावर एक कॉमेंट नेहमी येते: "टॅक्सीवाले वर्षानुवर्षं रिंगा टाकूनच चालवायचे." चालवायचे, आणि वर्षभरात पुन्हा टाकायचे. नरसाळ्यासारख्या झालेल्या सिलिंडरमध्ये रिंगला प्रत्येक फेरीत उघडावं आणि मिटावं लागतं. ती ग्रूव्हमध्ये (पिस्टनवरच्या खाचेत) हलत राहते, ग्रूव्ह रुंदावतो आणि इंजिन पुन्हा ऑइल खायला लागतं. रोजच्या धंद्याचं गणित वेगळं होतं. तुम्ही गाडी आयुष्यभरासाठी बांधताय.

चोवीस मापांवरून किती ओव्हरसाइज लागेल ते कळलं. आता ब्लॉक तिथेच ठेवा आणि पिस्टन आणा, चारही. हातात घ्या आणि मोजा.

[क्लोजअप: पिस्टनच्या स्कर्टवर मायक्रोमीटर]

कुठे मोजायचं बघा. डोक्याशी नाही, पिनच्या रेषेतही नाही. पिनच्या (पिस्टनला रॉड जोडणाऱ्या दांडीच्या) काटकोनात, स्कर्टच्या, म्हणजे रिंगांखालच्या भागाच्या, खालच्या बाजूला. पिस्टन गोल नसतो, मुद्दाम थोडा अंडाकृती घासलेला असतो, आणि डोक्याकडे बारीक असतो कारण डोकं जास्त तापतं. चुकीच्या जागी मोजलात तर माप लहान येईल आणि बोअरही लहान कापला जाईल.

समजा खोक्यावर ०.६० ओव्हरसाइज लिहिलंय. तुम्ही बोअरिंगवाल्याला सांगितलं, "६८.६० करून ठेवा." आता दोन शक्यता. एक कंपनी ६८.६० हे बोअरचं माप धरते आणि पिस्टन तेवढा लहान बनवते, म्हणजे ६८.५५ च्या आसपास. दुसरी कंपनी ६८.६० हे पिस्टनचंच माप धरते आणि बोअरमध्ये क्लिअरन्स (पिस्टन आणि भिंतीमधली मोकळीक) तुम्ही वाढवायचा असतो. दुसऱ्या प्रकारचा पिस्टन निघाला तर क्लिअरन्स शून्य. आणि बोअरिंगवाल्याने स्वतःच्या अनुभवाने दोन थाउ (थाउ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) जास्त कापले आणि पिस्टन पहिल्या प्रकारचा निघाला, तर क्लिअरन्स दुप्पट. दोन्ही वेळी बोअरिंगवाला बरोबरच असतो. पिस्टन त्याच्या टेबलावर नव्हता, एवढाच घोळ. त्याला पिस्टन द्या आणि म्हणा, "या पिस्टनवर या सिलिंडरचा बोअर करा." चारही पिस्टनवर एक, दोन, तीन, चार अशी खूण करा. काही पिस्टनच्या डोक्यावर साइझ आणि क्लिअरन्स पंच केलेला असतो, असेल तर तोच पाळा.

हीच गोष्ट आता उष्णतेच्या बाजूने बघू, कारण "घट्ट बसवा, रनिंगमध्ये मोकळं होईल" असं छातीठोकपणे सांगणारे खूप आहेत. बीड आणि अॅल्युमिनियम सारखं फुगत नाहीत, अॅल्युमिनियम जवळपास दुप्पट फुगतं. दोन्ही ८० अंशांनी तापले असं धरा. ६८ मिलिमीटरचा अॅल्युमिनियमचा पिस्टन साधारण ०.११ ने वाढेल आणि बिडाचा बोअर ०.०६ ने. फरक ०.०५, म्हणजे दोन थाउ. प्रत्यक्षात पिस्टन सिलिंडरपेक्षा जास्तच तापतो, पण त्याचा आकार वाढ सांभाळून घेईल असा घासलेला असतो. म्हणून या मापाच्या इंजिनांत क्लिअरन्स साधारण ०.०४ ते ०.०६ असतो. तो थंड असताना दिलेला श्वास आहे. तो न देता बांधलेलं इंजिन गावात बरं चालेल. पण खंडाळ्याच्या चढाला दुसऱ्या गिअरमध्ये, एप्रिलच्या दुपारी, पिस्टन स्कर्टवर धरेल. उघडाल तेव्हा अॅल्युमिनियम भिंतीला चोपडलेलं दिसेल. याला मोकळं होणं म्हणत नाहीत.

आणि तिसरी बाजू, रिंग. क्लिअरन्स जास्त झाला तर काय बिघडतं, असं विचारणाऱ्यांसाठी. बोअर ०.१० ने मोठा झाला की त्याचा परीघ ०.३१ ने वाढतो आणि रिंगचं तोंड तेवढंच जास्त उघडतं. ६८ च्या बोअरला रिंग गॅप साधारण ०.२० ते ०.३५ हवा. फक्त ०.१० जास्त कापलं, तर ०.२५ चा गॅप ०.५६ होतो. कॉम्प्रेशन तिथून निसटतं, ब्रीदरमधून धूर येतो, थंड इंजिनमध्ये पिस्टन खडखडतो. उलट गॅप फारच कमी राहिला तर तापल्यावर रिंगची दोन टोकं एकमेकांना भिडतात आणि रिंग तुटते. म्हणून प्रत्येक रिंग तिच्या सिलिंडरमध्ये घाला, पिस्टन उलटा धरून सरळ खाली ढकला आणि फिलर गेजने (मापाच्या पातळ पट्ट्यांनी) मोजा. बारा रिंगा असोत की सोळा, सगळ्या. अर्ध्या तासाचं काम आहे.

बोअरिंग झालं, होनिंग (दगडाने भिंत घासणं) झालं. भिंतीवर आडव्यातिडव्या रेघांची जाळी दिसली पाहिजे, साधारण ४५ अंशांची. आरशासारखी चकचकीत भिंत नको, त्यावर तेल टिकत नाही आणि रिंगा बसत नाहीत.

आता ब्लॉक धुवा. डिझेलने नाही, रॉकेलने नाही. त्याने तेल निघतं, होनिंगची भुकटी रेघांमध्येच राहते. गरम पाणी, भांड्यांचा साबण आणि नायलॉनचा ब्रश. मग कोरडं करून पांढरं सुती फडकं ऑइलमध्ये बुडवून भिंतीवरून फिरवा.

[क्लोजअप: फडक्यावर राखाडी डाग]

हा राखाडी डाग दिसतोय? ही घासणारी पूड आहे. हीच नव्या रिंगा खाते. पुन्हा धुवा. फडकं पांढरंच निघेपर्यंत धुवा, मग लगेच ऑइल लावा, नाहीतर दमट हवेत तासाभरात तांबूस गंज चढतो.

क्रँक थोडक्यात. घासून अंडरसाइज केला असेल तर बेअरिंगही त्याच अंडरसाइजचं, आणि जर्नलच्या (क्रँकचा बेअरिंगमध्ये फिरणारा भाग) कोपऱ्यातली गोलाई शाबूत राहिली पाहिजे. तिथे टोकदार कोपरा राहिला तर क्रँक तिथूनच तडकतो. क्लिअरन्स प्लास्टिगेजने (दाबल्यावर चपटा होणारा प्लास्टिकचा धागा) बघा.

हेड. सरळ पट्टी तिरकी ठेवून खाली ०.०५ ची फिलर सरकली तर फेसिंग हवं, म्हणजे पृष्ठभाग कापून सपाट करणं. पाण्याच्या भोकांभोवतीचं धातू कुरतडलेलं असेल तर आधी वेल्डिंग, मग फेसिंग. हे बोअरवेलचं पाणी रेडिएटरमध्ये ओतल्याचं फळ आहे. कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर वापरा, एवढी कळकळीची विनंती.

मग अपग्रेड. इथे हमखास येणारा प्रश्न: "मारुतीचं इंजिन का नाही टाकत?" कारण तुमची गाडी पन्नाशीला आलीय. २०२१ पासून मोटार वाहन नियमांत विंटेज गाड्यांची वेगळी नोंदणी आहे. पहिल्या नोंदणीला ५० वर्षं झालेली हवीत आणि चॅसी, बॉडी, इंजिनात मोठा फेरफार नको. नंबरात 'व्हीए' येतं. क्लबातली मंडळी पद्मिनीला क्लासिक म्हणतील, कायद्याला वय पुरतं. इंजिन बदललंत तर ती वाट बंद. म्हणून ब्लॉकवरच्या नंबराच्या जागेला ग्राइंडर लावू नका, आणि अपग्रेड असे करा की काढून पूर्ववत करता येतील.

पहिला: कॉम्प्रेशन थोडं वाढवा. एका सिलिंडरचा स्वेप्ट व्हॉल्यूम (पिस्टनच्या धावेतली जागा) २७२ सीसी. समजा गास्केटची जाडी आणि पिस्टनवरची मोकळी जागा धरून चेंबर (पिस्टन सगळ्यात वर असताना उरणारी जागा) ४३ सीसी निघाला, तर २७२ अधिक ४३ भागिले ४३, म्हणजे ७.३. चेंबर ३९ वर आणलात तर जवळपास ८. त्या काळचं पेट्रोल कमी ऑक्टेनचं होतं. आज पंपावर ९१ किंवा त्याहून वरचं मिळतं, त्यामुळे ८ निर्धास्त चालतं. पण अंदाजाने फेसिंग करू नका. प्लग आणि वॉल्व्ह बसवा, वर भोकाची अॅक्रिलिकची पट्टी ग्रीसने चिकटवा आणि ब्युरेटने चारही चेंबर मोजा. फेसिंग पूर्ववत होत नाही, म्हणून थोडंच काढा.

दुसरा: एक्झॉस्ट सीट, म्हणजे वॉल्व्ह जिथे टेकतो ती कडा. २००० सालापासून देशभर पेट्रोल शिशाविना मिळतंय. शिसं जुन्या मऊ सीटचं रक्षण करायचं. तुमची सीट झिजतेय का, हे हेड न उघडता कळतं. एक्झॉस्टचा टॅपेट गॅप दर सर्व्हिसला आपोआप कमी भरत असेल, तर सीट खाली बसतेय आणि वॉल्व्ह वर येतोय. हेड उघडलंच असेल तर कडक सीट बसवून घ्या. गाईड (वॉल्व्हची दांडी सरकते ती नळी) आधी, सीट कटिंग नंतर, कारण कटर गाईडच्या आधाराने फिरतो.

तिसरा: ई-२०, म्हणजे २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल. रबरी पेट्रोल पाइप आणि पंपाचा डायफ्रॅम इथेनॉल चालणाऱ्या रबराचे घ्या. इथेनॉलने मिक्श्चर लीन होतं (हवेच्या मानाने इंधन कमी पडतं). सोलेक्स कार्ब्युरेटरच्या जेटवरचा आकडा म्हणजे भोकाचं माप, मिलिमीटरच्या शंभराव्या भागात. समजा १२० आहे आणि १२५ घातलात, तर भोकाचं क्षेत्रफळ साडेआठ टक्के वाढतं. एवढ्यावर थांबा आणि प्लग बघा. पांढराफटक म्हणजे अजून लीन, बदामी म्हणजे जमलं.

चौथा: डेल्कोत (डिस्ट्रिब्युटरमध्ये) पॉइंटच्या जागी इलेक्ट्रॉनिक किट. कॉइल किटला चालणारीच हवी. जुनी पॉइंट प्लेट आणि कंडेन्सर डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवा.

आता जोडणी. हेडचे नट थंड इंजिनवर, मधून बाहेर, तीन टप्प्यांत, टॉर्क रेंचने. आकडा मॅन्युअलमधला. कॅमवर आणि टॅपेटखाली असेंब्ली पेस्ट भरपूर लावा. ऑइल २०डब्ल्यू-५० मिनरल. प्लग काढून स्टार्टर मारा, ऑइलचा लाल दिवा विझेपर्यंत. मगच प्लग लावून सुरू करा.

सुरू झाल्यावर आयडलिंगवर सोडू नका. कॅमला क्रँकने उडवलेलंच तेल मिळतं, आणि आयडलिंगला ते कमी उडतं. वीस मिनिटं दोन हजारांच्या आसपास, थोडं खालीवर करत, नजर तापमानाच्या काट्यावर. बंद करा, रात्रभर थंड होऊ द्या. सकाळी हेडचे नट त्याच क्रमाने पुन्हा टॉर्क करा आणि त्यानंतर टॅपेटचा गॅप पुन्हा लावा. नट आवळले की गॅप बदलतो, म्हणून आधी लावलेल्या गॅपवर विसंबून उपयोग नाही. ऑइल आणि फिल्टर पहिल्या शंभर किलोमीटरला बदला, मग पाचशेला. पाचशेला थंड इंजिनवर टॅपेट पुन्हा एकदा बघा, आणि या वेळी एक्झॉस्टचे आकडे वहीत लिहून ठेवा. पुढच्या सर्व्हिसला सीट बसतेय की नाही, ते याच आकड्यांशी ताडून बघायचंय.