कापसाच्या खोलीतलं उलटं अंगण

नमस्कार श्रोतेहो.

तीस वर्षं मी गावातल्या शाळेत चित्रकला शिकवली. बारावीचा निकाल लागला की एखादे आईवडील घरी येतात, पाणी पिऊन होतं, मग हळूच विषय निघतो. "मॅडम, पोरीले फोटो-व्हिडिओचं शिकाचं म्हणते. त्याची डिग्री रायते म्हणे. खरं हाये का?"

खरं आहे. बीएफए म्हणतात तिला, ललित कलेची चार वर्षांची पदवी. बारावी कोणत्याही शाखेतून झालेली असली तरी चालते. महाराष्ट्रातल्या प्रवेशासाठी राज्याची सीईटी द्यावी लागते, आणि त्या परीक्षेत कॅमेऱ्याबद्दल फारसं कोणी विचारत नाही. तिथे समोरची वस्तू बघून काढायचं वस्तुचित्र असतं, आठवणीतून काढायचं स्मरणचित्र असतं, आकार-रंगांची मांडणी करायचं संकल्पचित्र असतं. म्हणजे पेन्सिल आणि ब्रश. पहिलं वर्षही बरंचसं चित्र काढण्यातच जातं. पुढे उपयोजित कलेकडे, म्हणजे जाहिरात-छपाईसारख्या कामाच्या कलेकडे वळलं की फोटोग्राफी येते, व्हिडिओ येतो. आपल्याला जवळ नागपूरचं शासकीय चित्रकला महाविद्यालय आहे. फोटोग्राफीचीच वेगळी पदवी हवी असेल तर हैदराबादला जवाहरलाल नेहरू आर्किटेक्चर अँड फाइन आर्ट्स विद्यापीठात ती आहे. आदिलाबादवरून गाडी जाते, काही परदेश नव्हे.

पण आईवडिलांचा खरा प्रश्न याच्या पुढचा असतो. फोटो काढायला चार वर्षं कशाला? मोबाईल तर सगळ्यांच्याच हातात आहे.

याचं उत्तर मला एका शेतकऱ्याच्या घरात मिळालं, तेच आज सांगायचंय.

यवतमाळ जिल्ह्यातलं, दारव्ह्याकडचं गाव. माझी एक विद्यार्थिनी नागपूरला बीएफएच्या दुसऱ्या वर्षाला होती. संक्रांतीला घरी आली, आणि वडिलांनी ठरवलं की आता पुरे. त्या वर्षी कापसाला भाव नव्हता. भाव येईल म्हणून त्यांनी सगळा कापूस घरातच भरून ठेवला होता, आणि पोरीच्या नागपूरच्या खोलीचा खर्च, कागद-रंगांचा खर्च डोक्यावर होता. पोरीनं मला फोन केला, "मॅडम, तुम्ही येऊन बाबाले समजावा." मी गेले. समजावण्याची वाक्यं एसटीत मनाशी जुळवत गेले.

वडील ओसरीवरच बसले होते. म्हणाले, "मॅडम, आमच्या गावातला पोट्टा आठ दिवसात कॅमेरा शिकला. लग्नाच्या ऑर्डरी घेऊन रायला. हिले चार वर्सं काहून लागते?"

मी तोंड उघडणार, तेवढ्यात पोरगी उठली. "बाबा, या इकडे." आणि आम्हा सगळ्यांना कापसाच्या खोलीत घेऊन गेली. खिडकीला बारदान लावलेलं होतंच. तिनं जुनं लाकडी दार आतून ओढून घेतलं आणि फटींमध्ये कापूस कोंबला. अंधार गुडुप. फक्त दाराच्या फळीत एक गाठ निखळून पडलेली, तिथे बोराएवढं भोक होतं. तेवढाच काय तो उजेड.

दार पूर्वेला, वेळ दुपारी साडेतीनची. समोरच्या अंगणावर, गोठ्यावर उन्हाचा नुसता झोत. तिनं आजोबांचं धोतर दोरीवर ताणून धरलं आणि म्हणाली, "थोडं थांबा. डोळे बसू द्या."

डोळे बसले, आणि धोतरावर अंगण उतरलं. निंबाचं झाड, गोठा, तुऱ्हाट्यांचं कुंपण, सगळं रंगासकट आणि सगळं उलटं. निंबाचा शेंडा खाली, बुंधा वर. वाऱ्यानं पानं हलत होती तीसुद्धा दिसत होती. तेवढ्यात पोरीचा चुलतभाऊ बैल घेऊन गोठ्याकडे निघाला, आणि ते बैल पाय वर करून धोतरावरून चालत गेले.

कोणी काही बोललं नाही. मग कोपऱ्यातून आजी म्हणाली, "हे तं मी लगन होऊन आली तवापासून पाह्यतो. दुपारी भितीवर दिसे. मले वाटे भुताटकी हाये, म्हून कोणाले सांगतलं नाई."

श्रोतेहो, पन्नास-साठ वर्षं त्या घरात रोज दुपारी कॅमेरा चालू होता. पुन्हा सांगते, ती अंधारी खोलीच कॅमेरा होती. उजेड सरळ रेषेत जातो. झाडाच्या शेंड्याकडून निघालेला उजेड भोकातून तिरपा खाली येतो, बुंध्याकडचा वर जातो, म्हणून चित्र उलटं. पोरीनं कापसाचा बोळा लावून भोक लहान केलं, तर चित्र अंधुक झालं पण रेखीव झालं. बोळा काढला, तर उजळ झालं आणि विसकटलं. तुमच्या कॅमेऱ्यात अॅपर्चर म्हणतात ते हेच, उजेडाचं भोक.

वडील अर्धा तास तिथून हलले नाहीत. मग त्यांनी एकच विचारलं, "हे दिसते तं खरं. पण हे धरून कसं ठेवाचं?"

मला अंगावर काटा आला. अंधाऱ्या खोलीतलं हे चित्र माणसाला शेकडो वर्षं माहीत होतं. ते धरून ठेवायचं कसं, याच प्रश्नावर लोकांनी आयुष्यं घालवली आणि १८३९ साली फोटोची रीत जगापुढे जाहीर झाली. दारव्ह्याकडच्या शेतकऱ्यानं नेमका तोच प्रश्न विचारला होता.

दुसऱ्या दिवशी पोरीनं चहापत्तीचा डबा आतून काळा केला, त्याला सुईनं भोक पाडलं आणि नागपूरहून आणलेला चांदीच्या क्षारांचा फोटो-कागद अंधारात आत बसवला. डबा विहिरीच्या कठड्यावर ठेवला. वडिलांना म्हणाली, दोन मिनिटं हलायचं नाही. माणूस पुतळ्यासारखा उभा राहिला. कागद कॉलेजच्या डार्करूममध्ये धुतला गेला आणि फोटो होळीला घरी आला. निंब स्पष्ट, गोठा स्पष्ट, वडील स्पष्ट. बैल मात्र नाहीत, नुसता धुरकट डाग. ते शेपट्या हलवत राहिले, मान हलवत राहिले, म्हणून कागदाला ते धरताच आले नाहीत. वडील तो डाग बोटानं दाखवून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत, "इथं बैल होते."

तर चार वर्षांत शिकायचं ते हे. उजेड कुठून येतो, किती येतो, किती वेळ येतो. बटण नंतर.

आणि जाता जाता एक बोलतेच. शाळांमधून चित्रकलेचा तास गणिताला देऊन टाकतात, त्याचं मला फार वाईट वाटतं. दहावीचं वर्ष आलं की पहिली कुऱ्हाड आमच्या तासावर. एलिमेंटरी, इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षा मुलांना देऊ द्या हो. वस्तूकडे नीट बघायची सवय तिथेच लागते.

आपल्याकडे सिनेमा उभा करणारे दादासाहेब फाळके आधी चित्रकलेचेच विद्यार्थी. १८८५ साली मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये गेले, मग बडोद्याच्या कलाभवनात फोटोग्राफी शिकले. सिनेमाला पैसा उभा करायचा होता, तेव्हा त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला आणि रोप वाढताना थोड्या थोड्या वेळानं एकेक चित्र घेतलं. पडद्यावर बघताबघता रोप उभं राहिलं. होमाई व्यारावाला, देशातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार, त्याही जे. जे.च्याच. त्यांचे सुरुवातीचे फोटो नवऱ्याच्या नावानं छापून येत. मुलींच्या आईवडिलांनी हे मुद्दाम लक्षात ठेवावं.

वाटाण्याचा प्रयोग तुमच्या घरी होतो. कुंडीत हरभरा पेरा, मोबाईल एका जागी पक्का बांधा, उजेड बदलणार नाही असा कोपरा निवडा. व्हिडिओत साधारण २५ चित्रं मिळून एक सेकंद होतो. म्हणजे दहा सेकंदांसाठी २५० फोटो. पुन्हा सांगते, दहा सेकंदांना २५०. तासाला एक घेतला तर दहा-अकरा दिवस लागतील, आणि रात्री दिवा चालू ठेवावा लागेल. ज्या मुलाला एवढा धीर निघाला, त्याच्यासाठी सीईटीचा अर्ज खुशाल भरा. आणि फोटोंना ते चेहरा गोरा करणारं फिल्टर लावू नका. आपल्या उन्हानं दिलेला रंग आहे तो, तो तसाच दिसू द्या.

त्या घरी मागच्या दिवाळीत गेले होते. कापसाच्या खोलीचं दार सुतारानं दुरुस्त केलंय. बिजागऱ्या नव्या, खालची फळी नवी. गाठीचं भोक मात्र तसंच आहे. आजीनं ते बुजवू दिलं नाही.

नमस्कार.