घोटाघोटाने: वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रियेनंतरचे पहिले दोन महिने

श्रोतेहो, नमस्कार.

वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया करून घेण्यासाठी लातूर, नांदेड, परभणी, बीड या आपल्या भागातून पुण्याला, मुंबईला किंवा हैदराबादला जाणारी माणसे आहाराच्या सल्ल्यासाठी माझ्याकडे येतात. खर्च किती येईल, किती दिवस राहावे लागेल, किती किलो उतरतील, हे प्रश्न त्यांच्या ओठांवर असतात. घरी परतल्यावर पहिल्या सोमवारी सकाळी उठून काय करायचे, हे मात्र क्वचितच कोणी विचारते. आज मला त्या पहिल्या सहा-आठ आठवड्यांविषयीच बोलायचे आहे, आणि ते केवळ रुग्णांशी नव्हे, तर त्यांच्या घरच्यांशीही.

या शस्त्रक्रियांपैकी दोन आपल्याकडे अधिक होतात. स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमीमध्ये जठराचा सुमारे ७५ ते ८० टक्के भाग कायमचा काढला जातो आणि केळ्यासारखी एक अरुंद नळी उरते. गॅस्ट्रिक बायपासमध्ये जठराच्या वरच्या टोकाशी जेमतेम ३० मिलिलिटर मावेल एवढी पिशवी तयार करून ती थेट लहान आतड्याला जोडतात. दोन्ही शस्त्रक्रिया दुर्बिणीतून होत असल्यामुळे पोटावर चार-सहा बारीक छेद तेवढे दिसतात, आणि तिथेच घरच्यांची समजूत चुकते. बाहेरचे टाके आठ-दहा दिवसांत भरतात. आत मात्र जठर कापून स्टेपलने शिवल्याची लांब रेषा असते, ती पक्की व्हायला कित्येक आठवडे लागतात. पुढे मी जे जे सांगणार आहे, त्यातले बरेचसे त्या आतल्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या जखमेसाठी आहे.

रुग्णालयातले दोन-तीन दिवस त्या मानाने सोपे जातात. पोटापेक्षा खांदाच जास्त दुखतो, याचे अनेकांना आश्चर्य वाटते. शस्त्रक्रियेच्या वेळी पोटात भरलेल्या कार्बन डायऑक्साइड वायूमुळे श्वासपटल चेतवले जाते आणि त्याच्या मज्जातंतूमार्फत ती वेदना खांद्यात जाणवते. चालल्याने ती लवकर ओसरते. बहुधा त्याच दिवशी संध्याकाळी परिचारिका उठवून चालायला लावतात. त्यांच्यावर रागावू नये. पायांच्या शिरांत रक्ताची गुठळी होणे आणि ती फुप्फुसात जाणे हा या शस्त्रक्रियेनंतरचा मोठा धोका आहे. चालणे, फुप्फुसे नीट फुलावीत म्हणून तीन चेंडूंच्या नळीतून श्वास ओढणे आणि रक्त पातळ ठेवणारी इंजेक्शने ही सारी त्या काळातली राखण आहे. परतीच्या प्रवासातही हेच लक्षात ठेवावे. पुण्याहून लातूरला किंवा हैदराबादहून नांदेडला येताना सलग पाच-सहा तास गाडीत बसून राहणे योग्य नाही. दर तासाला गाडी थांबवून पाच मिनिटे चालावे. शक्य असल्यास सुटी मिळाल्यावर दोन-तीन दिवस त्याच गावी नातेवाइकांकडे मुक्काम करावा.

आता पाण्याकडे वळते, कारण या काळात पुन्हा दाखल होण्याची वेळ येते ती पुष्कळदा पाणी कमी पडल्यामुळे. पूर्वी तांब्याभर पाणी एका दमात पिणाऱ्या माणसाला आता दोन मोठे घोट एकदम घेतले तरी छातीत कळ येते. त्यातच स्लीव्हमध्ये जठराचा जो भाग काढला जातो, तिथे भूक जागवणारे घ्रेलिन हे संप्रेरक मोठ्या प्रमाणावर तयार होत असते. त्यामुळे भूक मंदावते आणि भुकेबरोबर पिण्याचीही आठवण राहत नाही. मी रुग्णांना औषधाच्या बाटलीवर येणारे ३० मिलिलिटरचे झाकण किंवा माप जवळ ठेवायला सांगते. दर पंधरा मिनिटांनी एक माप, तेही सावकाश, तीन-चार घोटांत. तासाला १२० मिलिलिटर होतात आणि जागेपणीच्या चौदा तासांत १,६८० मिलिलिटर, म्हणजे दीड लिटरहून थोडे जास्त. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळीशी ओलांडतो, तेव्हा एवढेही कमी पडते. ज्यांना तारीख निवडता येते, त्यांनी पहिले दोन महिने उन्हाळ्यात येणार नाहीत असे पाहावे, असे माझे स्पष्ट मत आहे. लघवी गडद पिवळी होणे, उभे राहताच डोळ्यांपुढे अंधारी येणे, जीभ कोरडी पडणे ही पाणी कमी पडल्याची खूण आहे. साधे पाणी, पातळ निवळ ताक, साखर न घातलेले लिंबूपाणी, गाळलेले सार, काहीही चालेल. सोडा आणि बुडबुड्यांची पेये मात्र नकोत.

आहाराचे टप्पे प्रत्येक शल्यचिकित्सक थोड्या फरकाने आखतात आणि आपल्या डॉक्टरांनी दिलेला तक्ताच पाळावा. सर्वसाधारणपणे पहिले एक-दोन दिवस निवळ द्रव, त्यानंतर सुमारे दोन आठवडे दूध, ताक, गाळलेले सूप असे पातळ पदार्थ, पुढचे दोन आठवडे मिक्सरमधून काढलेले गुळगुळीत अन्न, मग मऊ घास, आणि सहा ते आठ आठवड्यांनंतर हळूहळू नेहमीचे जेवण. या सगळ्यात दिवसाला किमान ६० ग्रॅम प्रथिने पोटात जावीत असा प्रयत्न असतो, आणि शाकाहारी घरात तेच सर्वांत अवघड ठरते. वरणावरचे निवळ पाणी आपण आजाऱ्याला मायेने देतो. परंतु त्यात प्रथिने फारच थोडी असतात, डाळ तर खाली राहते. ग्लासभर, म्हणजे २०० मिलिलिटर दुधात सहा-सात ग्रॅम मिळतात. म्हणूनच पहिल्या काही आठवड्यांत डॉक्टरांनी सांगितलेली प्रथिनांची पावडर टाळू नये. ती पैलवानांची वस्तू आहे, हा गैरसमज मला घरोघरी आढळतो. खाणे आणि पिणे एकत्र करू नये. घन आहार सुरू झाल्यावर जेवणानंतर अर्धा तास पाणी टाळावे. गूळ, साखर, पेढे, उसाचा रस यांपासून दूर राहावे, कारण विशेषतः बायपासनंतर गोड पदार्थ आतड्यात घाईने उतरला की घाम, धडधड, पोटात मुरडा, जुलाब आणि गळून गेल्यासारखे वाटणे असा त्रास होतो.

आणि आता घरच्यांसाठी. मराठवाड्यात पाहुण्याला आणि आजाऱ्याला आग्रह करणे ही माया दाखवण्याची रीत आहे. वेळ अमावस्येला शेतात गेल्यावर आंबील, भज्जी आणि उंडे न खाता कोणी परतलेले आपल्याला चालत नाही. शस्त्रक्रिया झालेल्या सुनेला "एवढासा तर घास आहे" असे म्हणणारी सासू तिचे वाईट चिंतत नसते. पण नळीएवढ्या, अजून ओल्या जखमेच्या जठरात तो एक घास अडकून बसतो, ओकारी येते आणि शिवणीवर ताण पडतो. मी सासूबाईंनाच सोबत बोलावते आणि चमच्याचे माप त्यांच्याच हाती देते. पंधरा मिनिटांनी घोट द्यायची जबाबदारी त्यांनी घेतली की मायेला वाटही मिळते आणि काम नीट होते. या दोन महिन्यांत एकादशी, नवरात्र किंवा रमजानचे रोजे धरू नयेत. साबुदाण्याची खिचडी तर चिकट पिष्टाचा गोळाच, ती या जठराला मुळीच मानवत नाही.

औषधांविषयी दोन गोष्टी मला फार कळकळीने सांगायच्या आहेत. मधुमेह असलेल्यांची साखर पुष्कळदा पहिल्या काही दिवसांतच, वजन उतरण्याच्या आधीच, खाली येऊ लागते. जुन्याच मात्रेत इन्सुलिन किंवा काही गोळ्या चालू ठेवल्या तर ती धोकादायक पातळीपर्यंत घसरू शकते. म्हणून घरी रोज साखर तपासून वहीत लिहावी आणि मात्रा डॉक्टरांना विचारून बदलावी. रक्तदाबाच्या आणि लघवी वाढवणाऱ्या गोळ्यांचेही तसेच आहे. दुसरी गोष्ट गावातल्या दवाखान्याची. अंग दुखले की वेदनाशामक इंजेक्शन आणि अशक्तपणा वाटला की सलाईन, ही आपली सवय आहे. डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन या गटातली औषधे या जठराला, विशेषतः बायपासनंतर, व्रण पाडू शकतात, पॅरासिटामॉल चालते. आणि काही दिवस सतत उलट्या होत असतील तर शरीरातले थायमिन, म्हणजे बी-१ जीवनसत्त्व, संपत आलेले असते. अशा वेळी थायमिन न देता नुसते ग्लुकोजचे सलाईन लावले तर मेंदूला इजा होऊ शकते. दोन-दोन दिसणे, चालताना झोक जाणे, बोलण्यात गोंधळ होणे ही तिची लक्षणे आहेत. म्हणून शस्त्रक्रियेचा कागद सदैव जवळ ठेवावा, कोणत्याही डॉक्टरांना आधी तो दाखवावा आणि आपल्या शल्यचिकित्सकांशी त्यांचे फोनवर बोलणे करून द्यावे. असा रुग्ण पाहण्याची वेळ तालुक्याच्या गावी कमी येते, त्यामुळे ती माहिती आपणच पुढे केली पाहिजे.

कोणत्या लक्षणाला सकाळपर्यंतही थांबू नये, तेही ऐका. विश्रांती घेत असतानाही नाडी मिनिटाला १२० च्या वर राहणे, ताप, वाढत जाणारी पोटदुखी, धाप लागणे, नव्याने सुरू झालेली डाव्या खांद्याची कळ ही शिवणीतून गळती झाल्याची चिन्हे असू शकतात. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत हा धोका असतो, आणि कधीकधी वाढलेली नाडी एवढीच खूण आधी दिसते. एका पायाची पोटरी सुजून दुखणे, एकाएकी छातीत दुखून दम कोंडणे, काळी शौचास होणे, घोटभर पाणीही न टिकणे यांनाही तेच लागू आहे. मनगटावर नाडी मोजायला घरातल्या एका तरी माणसाने रुग्णालयातून निघण्यापूर्वी शिकून घ्यावे.

दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात बहुतेकांचे मन खचते. थकवा असतो, तोंडाला वास येतो, सगळे घर पिठले-भाकरी खात असताना आपल्यापुढे वाटीभर ताक असते, आणि "हे मी काय करून घेतले" असे वाटून रडू येते. त्यातच वजनाचा काटा आठवडाभर जागचा हलत नाही. पहिल्या दिवसांत शरीर साठवलेली साखर आणि तिच्याबरोबरचे पाणी झपाट्याने सोडते आणि मग काही दिवस सावरते, इतकाच त्याचा अर्थ. रोज वजन करू नये, आठवड्यातून एकदा पुरे. ज्यांना पूर्वी नैराश्य होते त्यांनी मात्र हे अंगावर काढू नये, मानसोपचारतज्ज्ञांना भेटावे. लोक "आयता मार्ग धरला" असे बोलतात, तेही कानी येते. स्थूलता हा आजार आहे आणि त्यावर घेतलेला हा एक उपचार आहे, हे घरच्यांनी चारचौघांत बोलून दाखवले तर रुग्णाला फार बळ मिळते.

तंबाखू, गुटखा आणि मिश्री पूर्ण बंद. जखम भरण्यात त्या अडथळा आणतात. साधारण चार-सहा आठवडे पाण्याची घागर, धान्याचे पोते, फवारणीचा पंप उचलू नये. तिसऱ्या महिन्यानंतर केस गळू लागले तर घाबरू नये, बहुधा ते पुन्हा येतात. मात्र प्रथिने आणि जीवनसत्त्वांच्या गोळ्या चालू आहेत ना, हे पाहावे. त्या गोळ्या जन्मभराच्या आहेत. लोह आणि कॅल्शियम एकाच वेळी न घेता दोन तासांचे अंतर ठेवावे. तरुण स्त्रियांनी वर्ष-दीड वर्ष गर्भधारणा टाळावी आणि त्यासाठी कोणते साधन वापरायचे, ते आधीच विचारावे. वजन उतरताच पाळी नियमित होऊन अनपेक्षितपणे दिवस जाऊ शकतात.

आणि मग डॉक्टरांनी परवानगी दिली की भाकरीचा दिवस येतो. ज्वारीच्या भाकरीची एक पातळ चतकोर घट्ट वरणात चांगली भिजू द्यावी, करंगळीच्या नखाएवढा घास घ्यावा आणि त्याचे अगदी पाणी होईपर्यंत चावावे. तेवढ्याला अर्धा तास लागतो. मध्येच उचकी लागेल, नाकातून पाणी येईल किंवा छातीच्या हाडामागे दाटल्यासारखे वाटेल. जठर भरल्याचे ते सांगणे असते. तिथे हात थांबवावा, ताटात भाकरी उरली तरी, आणि घरच्यांनी काही न बोलता ते ताट उचलून घ्यावे.