काळ्या पाण्यावर गेलेला माणूस आणि मागे राहिलेलं घर

अंदमान म्हटलं की आपल्याला सेल्युलर जेल आठवतं आणि सावरकर, बस्स. पण ते जेल बांधून पुरं झालं १९०६ ला, आणि पोर्ट ब्लेअरला कैदी उतरले १८५८ ला. मधल्या काळात जी साधी माणसं गेली, कोणी दरोड्यात, कोणी खुनात, त्यांचं नाव घरात कोणी काढायचं नाही, वंशावळीत पुढे 'निर्वंश' लिहून मोकळे. आता असा पूर्वज शोधणारे लोक विचारतात, सर, सुरुवात कुठून करू? मी म्हणतो गुन्हा नंतर बघा हो, आधी त्याची बायको शोधा.

कैद्याची नोंद त्यामानाने सोपी, कारण सरकारला त्याच्यात इंटरेस्ट होता. गळ्यात लाकडी बिल्ला, त्यावर नंबर, कलम, शिक्षेची तारीख, सुटकेची तारीख. चलान, म्हणजे कैद्यांची तुकडी, निघालं की यादी व्हायची. पण यादीत आडनाव बऱ्याचदा नसतंच, 'रामा बिन भिकू', म्हणजे भिकूचा मुलगा रामा, एवढंच, तेही कारकुनाने ऐकू आलं तसं इंग्रजीत लिहिलेलं, त्यामुळे आडनाव टाकून सर्च करणाऱ्याला काही मिळत नाही आणि तो म्हणतो रेकॉर्डच नष्ट झालं. तिकडचं झालंही असेल काही, १९४२ ते ४५ तिथे जपानी होते, पण मुंबई सरकारचे कागद मुंबईत होते ना! पुराभिलेखागारात न्याय खात्याची बाडं आहेत, ती बघा. बापाचं नाव, गाव, तालुका यावरून चाला.

आता बायको. चांगलं वागणाऱ्या कैद्याला काही वर्षांनी तिकीट, म्हणजे तिथेच मोकळं राहायचा परवाना, मिळायचं, मग तो आपली शेती करून राहायचा, सेल्फ सपोर्टर म्हणायचे त्याला, आणि त्याला घरची माणसं बोलावता यायची. सरकारलाही ते हवंच होतं, तिथे बायका फार कमी. मग इकडे जिल्ह्यात चौकशी, ही बाई जायला तयार आहे का? बहुतेक जणी गेल्या नाहीत. कशा जातील? समुद्र ओलांडला की जात गेली, पदरात पोरं, आणि नवरा कसा झाला असेल कोणास ठाऊक. पण अशा चौकशीचा कागद हाती लागला तर पोरं किती, बाई कोणाकडे राहते, हे त्यात असू शकतं, खटल्याच्या कागदात ते शोधून सापडत नाही.

तिकडे त्याने दुसरं लग्न केलं असेल, बाईही कैदीच, जात वेगळी, भाषा वेगळी. त्यांच्या वंशजांना तिथे लोकल बॉर्न म्हणतात, घरात हिंदुस्तानी बोलतात, म्हणून भाषेवरून किंवा जातीवरून मूळ गाव काढायला गेलात तर फसाल.

आणि एक, त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यायांच्या वह्या. घरचं कोणी तिथे गेलं असेल तर भाऊ, पुतणे, सगळ्यांची नावं लिहवून आलेलं असतं. तिथे मात्र आडनाव लागतंच, आणि गाव मूळचं सांगा, आत्ता राहता ते सांगून उपयोग नाही.